सगुणाची दोन लग्नं

ई-मेल ग्रुपवरच्या पोराबाळांनो, तुमची जळगावची आजी सांगतेय आणि नात अर्चना टाइप करतेय. चूक दिसली तर ती तिची.

अर्चनाने कॉम्प्युटरवर आपल्या समाजाची यादी केली आहे. आज चारला समाजमंडळाचे नाना ती यादी बघायला येणार होते. यादी पसंत पडली तर मंडळाचं काम अर्चनाला, तिचं पहिलंच. आणि दुपारी पोर रडकुंडीला आली.

"आजी, सगुणाआत्याचा मुलगा भलत्याच बापाच्या नावावर दिसतोय!"

सगुणा माझी पुतणी. तिचा साक्रीचा नवरा वारल्यावर तिचं दुसरं लग्न भुसावळला झालं. अर्चनाने प्रत्येक बाईपुढे नवऱ्याचा एकच रकाना ठेवलेला. त्यात भुसावळकर बसले आणि साक्रीचा मुलगाही त्यांचाच झाला.

मी म्हटलं, "येडी, बाया लिहिल्या, नवरे लिहिले. लगीन कोठे शे? प्रत्येक लग्नाची वेगळी ओळ कर. पोरं त्या लग्नाला जोड."

मग तिने लग्नांचा तिसरा तक्ता केला, बायांचा आणि नवऱ्यांचा तक्ता त्याला जोडला, पोरं ज्या त्या लग्नाखाली घातली. साडेतीनला मुलगा आपल्या बापाकडे पोचला आणि माझा जीव भांड्यात पडला.

नानांनी यादी पाहिली. म्हणाले, "बठ्ठं, सगळंच बरोबर शे. पण अक्का, सगुणाचं दुसरं लग्न दाखवायलाच हवं का?"

"नाना, तुमचं दुसरं दाखवलंय की!"

नाना हसले. काम अर्चनाला मिळालं.

तुमच्याकडच्या यादीत बाईची किती लग्नं लिहितात? खरं सांगा.