बाटलीमावशीचे कान

आमच्या धाकट्या मावशीला आम्ही भाचरं बाटलीमावशी म्हणायचो. ती सरबताच्या कारखान्यात बाटल्या तपासायला होती. धुतलेल्या काचेच्या बाटल्या लोखंडी पट्ट्यावरून एकमेकींना धडकत यायच्या, समोर दुधी काचेमागे दिवा जळत असायचा, आणि त्या उजेडात तडा गेलेली किंवा कड उडालेली बाटली दिसली की मावशी तिची मान धरून बाजूच्या पेटीत टाकायची. "दिवसभर माना धरते, म्हणून घरी आले की गरीब गाय असते," असं ती म्हणायची. घरी ती अजिबात गरीब नव्हती. जिन्यात पाऊल टाकल्यापासून तिचं बोलणं सुरू व्हायचं, आणि तिसऱ्या मजल्यावर तिच्या ताईला खालच्या मजल्यावरचं ऐकू यायचं.

ताई म्हणजे आमची मोठी मावशी. शाळेत शिक्षिका होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. धाकटीनं लग्नच केलं नाही. दोघी दोन खोल्यांत एकत्र राहायच्या. माझी आई मधली. मी लहानपणी शाळेतून थेट त्यांच्याकडे जायची, कारण तिथे हसायला मिळायचं. संध्याकाळी चहा झाला की मोठी मावशी पेपरातलं शब्दकोडं काढायची, एकेक सूचना वाचायची, आणि बाटलीमावशी ओट्यापाशी भाजी चिरता चिरता वाटेल ती उत्तरं ठोकून द्यायची. अक्षरं जुळली नाहीत तर म्हणायची, "मग चौकोन चुकीचे छापलेत."

कारखान्यात कानात घालायचे बोळे मिळायचे, पिवळे, स्पंजासारखे मऊ. मावशीचे कायम एप्रनच्या खिशात असायचे. कारण साधं होतं. तिच्या शेजारच्या जागेवर तिची मैत्रीण बसायची, आणि दोघी पाळीभर ओरडून ओरडून गप्पा मारायच्या. पोरांची लग्नं, सासवांची भांडणं, सगळं त्या खणखणाटाच्या वरून. "बोळे घातले की तिचं तोंड हलताना दिसतं, आवाज येत नाही. मग नोकरी कशाला करायची?" आवाज फारच झाला तर ती कापसाचा तुकडा कोंबायची. कापसानं काही अडत नाही हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर ते गप्पांत ऐकू गेलं नसेल.

कानात वाजायला लागलं तेव्हा तिला वाटलं शेजारच्यांचा कुकर आहे. "अगं, त्यांची शिट्टी थांबतच नाहीये, गॅस बंद करायला सांग." मोठी मावशी म्हणाली, "कसली शिट्टी?" दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती शिट्टी गेली. मग महिन्याभरानं परत आली, परत गेली. सुट्टीच्या दिवशी कमी, कामाच्या दिवशी जास्त. मावशी त्यावर विनोद करायची, "माझ्या डोक्यात एक पाहुणा येऊन बसतो, चहा पीत नाही, बोलत नाही, नुसता शीळ घालतो."

मग एकदा तिच्या खुर्चीमागची हवेची नळी फुटली. बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला म्हणे. कुणाला लागलं नाही, पट्टा थोडा वेळ थांबला, पुन्हा सुरू झाला. मावशी घरी आली ती डाव्या कानावर हात ठेवून. त्या दिवसानंतर तो पाहुणा गेलाच नाही, आणि मावशीचा विनोदही हळूहळू बंद पडला.

त्याच वर्षी मोठ्या मावशीच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, पण आवाज गेला. राहिली ती नुसती कुजबुज, श्वासातून निघणारी, कोरडी. आम्हाला जवळ बसलं की नीट कळायची. बाटलीमावशीला नाही. तिच्या कानातली शीळ नेमकी त्या कुजबुजीवरच येऊन बसायची. माझी आई, मी, खालचा दुकानदार, सगळ्यांचं तिला बरंचसं ऐकू येई. जिच्याबरोबर आयुष्य काढलं तिचंच येईना.

सुरुवातीला आम्ही हसलोही. ताईनं काठी मागितली तर ही वाटी घेऊन आली. "आता वाटीच्या आधारानं चालू का?" असं मोठी मावशी म्हणाली, ते मी मोठ्यानं सांगितलं, आणि तिघीही हसलो. पण कुजबुजत बोलायलाही तिला दम लागायचा. एकदा सांगायचं, दुसऱ्यांदा सांगायचं, तिसऱ्यांदा ती हात हलवायची आणि म्हणायची, "काही नाही." ओठांवरून बाटलीमावशीला तेवढं मात्र लगेच कळायचं.

"सांग ना गं. परत सांग."

"काही नाही."

एका दुपारी मी गेले तर बाटलीमावशी जिन्यात बसली होती. म्हणाली, "मला वर जायची भीती वाटते. ती बोलेल आणि मला कळणार नाही. मग ती काही नाही म्हणेल." शब्दकोडं केव्हाच थांबलं होतं. मोठी मावशी एकटीच ते सोडवायची, आणि ही पाठ करून भाजी चिरायची. पाठ केली म्हणजे निदान ताईचे हलणारे ओठ दिसायचे नाहीत.

मी तिला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिथं एका बंद खोलीत बसवून, कानांवर यंत्र लावून, आवाज आला की बटण दाबायला सांगतात. मावशी सारखं बटण दाबत होती. तपासणाऱ्या मुलीनं दार उघडून विचारलं, "अजून मी काही वाजवलंच नाही, तुम्ही काय ऐकताय?"

"माझंच," मावशी म्हणाली.

डॉक्टरीणबाई शांत होत्या, घाई नव्हती त्यांना. त्यांनी कागदावर कानाचं चित्र काढून दाखवलं. आतल्या बारीक केसांसारख्या पेशी आवाजानं मोडतात, त्या परत उगवत नाहीत. मावशीनं विचारलं, "वाजायचं कधी थांबेल?"

"थांबेल असं मी सांगणार नाही. पण जे उरलंय ते राखता येईल. कामावर हे बोळे वळून बारीक करायचे, कान वर ओढून आत सरकवायचे, फुगेपर्यंत बोटानं दाबून धरायचे. त्यावर कान झाकणारे कप. आणि ऐकायचं यंत्र लावलंत तर बहिणीचं बोलणं थोडं तरी कळेल."

"यंत्र नको. यंत्रानं मोठा आवाज होईल, उरलंसुरलंही जाईल."

"तसं होत नाही. ते मोजून लावतात," बाई म्हणाल्या. "एक लक्षात ठेवा, घरात कान बंद करून बसू नका. शांततेत शीळ जास्त मोठी वाटते. पंखा असू द्या, रेडिओ हळू असू द्या."

यातलं मावशीनं फक्त 'उरलंय ते राखता येईल' एवढंच घेतलं. आयुष्यभर कान उघडे टाकलेल्या बाईनं आता ते कुलपात ठेवले. कामावर बोळे आणि कप, आणि मैत्रिणीशी बोलणं बंद. ते ठीकच होतं. पण बसमध्येही बोळे, बाजारातही बोळे, घरात भांडी घासतानाही बोळे. चमचा पडला तरी दचकायची. मी म्हटलं, "मावशी, बाईंनी घरात नको म्हटलं होतं." ती म्हणाली, "तुझ्या डोक्यात वाजत नाही ना, मग गप्प बस." इतकं तोडून ती मला कधी बोलली नव्हती.

मोठी मावशी पडली ती त्या दिवसांत, भर दुपारी. बाथरूममध्ये पाय सरकला. हाक मारायला आवाज नव्हता, म्हणून हाताला लागलेला मग घेऊन ती बादलीवर आपटत राहिली. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात बाटलीमावशी कानात बोळे घालून तांदूळ निवडत होती. खालच्या मजल्यावरची बाई शेवटी वैतागून वर आली, एवढी आदळआपट कसली चाललीय म्हणून विचारायला. ती दार लोटून आत आली तेव्हा मावशीनं हसून बोळे काढले, आणि मग तिलाही ते ऐकू आलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. हॉस्पिटलमध्ये मोठी मावशी मला म्हणाली, "तिला सांग, मी जोरात आपटतच नव्हते. माझ्या हातात कुठे ताकद आहे?" मी सांगितलं. बाटलीमावशी म्हणाली, "खालच्या बाईला एक मजला खाली ऐकू गेलं."

ऑपरेशन चांगलं झालं, पण पडून पडून छातीत कफ भरला, आणि मग ताप उतरेना. बाटलीमावशी रजा टाकून खाटेशी बसायची. बोळे तिनं पर्समधूनही काढून टाकले होते. वॉर्डात ट्रॉल्या आदळायच्या, यंत्रं वाजायची, ती हूं की चूं करायची नाही. ताईच्या तोंडापाशी उजवा कान नेऊन बसायची, कारण तो जरा बरा होता.

शेवटच्या दिवशी सकाळी मी चहा आणायला खाली गेले होते. परत आले तर मोठी मावशी डोळे मिटून होती, आणि बाटलीमावशी तिचा हात धरून मान हलवत होती. मला वाटलं रडतेय. दुपारी सगळं संपलं.

बऱ्याच दिवसांनी, मोठ्या मावशीचं कपाट आवरताना, तिनं मला सांगितलं. "तू चहाला गेलीस ना, तेव्हा ती बोलली. चांगलं लांब बोलली, मधे थांबून थांबून. मला एक शब्द कळला नाही गं. परत सांग म्हटलं असतं, तर ती काही नाही म्हणाली असती. तिचं शेवटचं बोलणं 'काही नाही' असावं, असं मला नको होतं. म्हणून मी हो म्हटलं. हो ताई, हो, करते. ती हसली. मी कशाला हो म्हटलं ते मला माहीतच नाही."

त्यानंतर तिनं काय करावं? ताई काय काय मागू शकली असती, ते सगळं ती करत सुटली. ताईचे स्वेटर आणि शाली मला दिल्या, माझ्या आईलाही दिल्या. पुस्तकं शाळेत पोचवली. खालच्या बाईकडे जाऊन हात जोडून आली. आणि मग स्वतःहून म्हणाली, "कानाचं बघ, असंही म्हणाली असेल. चल, यंत्र बसवू."

यंत्र लावून आम्ही बाहेर आलो तर रस्त्यात ती मधेच थांबली. तिच्याच चपलांचा आवाज तिला नवीन होता. घरी येऊन पेपर उघडला, बंद केला, परत उघडला. कागदाची सळसळ ऐकत बसली. "हे एवढं येतं," ती म्हणाली. "मग तिचंही आलं असतं." मी म्हटलं, कदाचित नसतं आलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पेपर घडी करून ठेवला.

सगळ्यात अवघड मामा होता. आईबापांच्या घरावरून तो बहिणींवर रुसला होता, अनेक वर्षं कुणाशी बोलला नव्हता, ताईच्या अंत्यविधीला लांब उभा राहून निघून गेला होता. मावशीनं त्याला फोन केला. "ताईनं मला तुझ्याशी बोलायला सांगितलं," असं ती म्हणाली. ते खरं की खोटं हे तिलाही ठाऊक नव्हतं.

तो आला. दारात चपला काढताना म्हातारा दिसला. खुर्चीवर टोकाला बसला आणि नेमका तिच्या डाव्या बाजूला बसला. खाली मान घालून काहीतरी पुटपुटला. मावशी उठली, आपली खुर्ची ओढत त्याच्या समोर उजेडात नेली, आणि म्हणाली, "मला नीट ऐकू येत नाही. वर बघून बोल."

"मी म्हटलं, तिनं माझं नाव घेतलं का?"

मावशी त्याच्या तोंडाकडेच पाहत होती.

"कळलं नाही मला," ती म्हणाली. "घेतलं असेल."

मामा रडला. तिनं त्याला थांबवलं नाही, पंखा तेवढा वाढवला. शीळ त्या दिवशी सकाळपासूनच चढलेली होती.