मी शब्दशः घेतलेलं वाक्य

नळदुर्गच्या नाक्यावरून सोलापूरची मोटार सुटताना आईनं खिडकीतून भाकरीचं गाठोडं आत दिलं. अण्णा आले नव्हते. ते अणदूरला घरीच बसून होते. जे बोलायचं ते त्यांनी सकाळीच बोलून टाकलं होतं: "जातूस तर जा. पर पुन्यांदा ह्या घरात पाय ठिवू नगंस."

त्यांचा राग मला कळत होता. आमच्याकडं निजामाच्या राज्यात उर्दू शिकलेल्याला कचेरीत कारकुनी मिळे, आणि अण्णांनी तहसीलच्या पेशकारापुढं हात जोडून माझी सोय लावली होती. मला मात्र इंग्रजी शिकायचं होतं, आणि ते सोलापुरात, इंग्रजांच्या मुलखात. नुकतंच दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं. मीही अण्णांचाच मुलगा, तितकाच हट्टी. सहा वर्षं गावाकडं फिरकलो नाही, साधं पत्रही टाकलं नाही.

गावात राहिलेल्यांना वाटतं, शहरात गेलेला सुखात असतो. मी शिकलो, मास्तर झालो, आणि दमलो. रविवारी सकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायचो. गिरणीतले जॉबर म्हणजे मुकादम, दुकानांतले कारकून, मोटारींचे ड्रायव्हर यायचे. इंग्रजी वाक्प्रचारांत समुद्र, जहाजं, बर्फ. आमच्यातल्या बहुतेकांनी बोरी नदीपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. बापडे एकेका शब्दाचा अर्थ लिहून घेत आणि मग सगळ्यांची बेरीज करत. मी घसा कोरडा करून सांगायचो, शब्द धरू नका, माणसाला काय म्हणायचंय ते धरा. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

एकदा 'टु शो समवन द डोअर', शब्दशः 'दार दाखवणे', घेतलं. एका कारकुनानं अर्थ लिहिला, पाहुण्याला अदबीनं दारापर्यंत पोचवणे. मी म्हणालो, "नाही हो. घराबाहेर काढणे."

तेव्हा हैदराबाद रस्त्यावर मोटार चालवणारा नळदुर्गचा रहीमभाई हसत म्हणाला, "मास्तर, आमचे अब्बा रोज काढायचे बगा मला घराबाहेर. आन् मी येईस्तवर जेवायचे न्हाईत."

वर्ग हसला. मला अण्णांचं ते वाक्य आठवलं. मी लोकांना काय शिकवत होतो आणि सहा वर्षं स्वतः काय करत होतो, याची लाज वाटली. त्याच आठवड्यात रहीमभाईच्या मोटारीनं निघालो.

अण्णा ओसरीवर तंबाखू मळत बसले होते. फार वाळले होते. मला पाहिलं आणि सरकून जागा केली. आत चुलीपाशी चुलती होती. आई कुठं आहे, असं मी विचारलं.

"दोन वर्सं झाली तिला जाऊन," अण्णा म्हणाले. "तुजा पत्ता न्हवता कुनाकडं."

मला रडू फुटलं, आणि रडता रडता रागही आला. "अण्णा, तुम्हीच म्हणाला होता, पाय ठेवू नकोस."

"म्हनलो आसंल," ते म्हणाले. "तू ऐकायचं व्हतंस व्हय?"

आता दर सुट्टीत गावी जातो. आई नसलेल्या घरात मन रमत नाही, तरी जातो. अण्णा अजून कशावरून तरी चिडतात, चालता हो म्हणतात. मी बसून राहतो.