अगस्त्याच्या खालचं आकाश

रविवारी मला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून शुक्रवारी मी एकटीच चाकणला निघाले. पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी पुण्यात कॉलेजात होते आणि दक्षिणेकडच्या आकाशाचा नकाशा स्वतः काढायचं वेड डोक्यात होतं. पुस्तकातला नकाशा अगस्त्य ताऱ्याच्या जरा खाली संपायचा, पुढे कोरा कागद. पुण्यातून दिव्यांमुळे तिथलं काही दिसत नसे. लग्नानंतर हे जमायचं नाही, असं म्हटल्यावर वडील कसेबसे तयार झाले. एकच रात्र, आणि त्यांच्या ओळखीच्या सखूबाईंकडेच उतरायचं.

एस.टी. शिवाजीनगरहून सुटली. भोसरी तेव्हा खेडं होतं. मोशीला इंद्रायणी ओलांडली की धूळच धूळ. कॉलेजातल्या सरांकडून मागून आणलेली पितळी दुर्बीण मी मांडीवर तान्ह्या बाळासारखी धरली होती. आज तुम्ही या रस्त्याने ट्रकांत अडकाल, आम्हाला समोरून आल्या त्या कांद्याच्या बैलगाड्या.

सखूबाई एकट्याच शेती बघायच्या. घरी भांडून आलीस का, असं त्यांनी दोनदा विचारलं, मग बाजरीची भाकरी आणि कांद्याच्या पातीचं पिठलं वाढलं. ती चव अजून आठवते. संध्याकाळी मात्र आभाळ भरून आलं. रात्र वाया गेली.

सकाळची एस.टी. मी मुद्दाम सोडली. पुण्याला निघालेल्या गाडीवानाबरोबर वडिलांना निरोप पाठवला आणि दिवसभर धास्तावून बसले.

त्या संध्याकाळी आभाळ निवळलं. अमावास्या होती. सखूबाईंनी न सांगता कंदील बारीक केला. अगस्त्याच्या डावीकडे, खाली, माझ्या कोऱ्या जागेत ताऱ्यांचा एक झुबका सापडला. कागदावर एकेक टिंब काढत गेले. मग सखूबाईंनी दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"एवढं व्हतं व्हय तिथं?" त्या म्हणाल्या. "आमी नुस्ता अंधार म्हनायचो."

रविवारी दुपारी घरी पोचले तेव्हा पाहुणे येऊन गेले होते. वडील दाराकडे पाठ करून बसले होते. मी नकाशा त्यांच्यासमोर पसरला. पुस्तकात नसलेलं यात कुठलं, असं त्यांनी विचारलं. मी झुबक्यावर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा काढून कागद डोळ्यांजवळ नेला.

"त्यांना कळवतो," ते म्हणाले, "मुलगी अजून शिकते आहे."

तो झुबका परदेशात केव्हापासूनच माहीत असल्याचं सरांनी पुढे सांगितलं. चार दिवस हिरमुसले, मग अभ्यासाला लागले. जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं. सखूबाई होत्या तोवर चाकणला जात राहिले.

तुम्हाला तो झुबका पाहायचा असेल तर मार्चच्या अमावास्येला जा, पण चाकण मागे टाकून बरंच पुढे. परवा चाकणवरून गेले, कारखान्यांच्या उजेडात अगस्त्यही धड दिसेना. मी पुढे मोठमोठ्या दुर्बिणींतून पाहिलं. तसा अंधार मात्र पुन्हा मिळाला नाही.