पाण्याला रंग यावा म्हणून

हुमनाबादच्या औद्योगिक वसाहतीत मी पाणी तपासते. नमुन्यात दोन रसायनं थेंबथेंब सोडायची आणि थांबायचं. फिनॉल हे कारखान्यांतून येणारं विषारी रसायन असेल तर पाणी लाल होतं, नसेल तर फिकट पिवळं राहतं. लाल दिसलं की माझं डोकं फिरतं. एका नमुन्याला मात्र लाल रंग यावा असं मला मनापासून वाटत होतं.

तो आमच्या विहिरीचा होता. आई गेल्यापासून माझे वडील, अप्पा, हुलसूरजवळच्या गावात एकटेच राहतात. माझ्याकडे चला म्हणून मी सांगून थकले. विहीर सोडून ते यायला तयार नव्हते. मग एकदा फोनवर तेच म्हणाले, पाण्याला वास यायलाय. मी लगेच शब्द घेतला: पाणी खराब निघालं तर माझ्याकडे राहायला यायचं. ते व्हय म्हणाले.

जीपवाल्याच्या हाती बाटली आली. पाणी असं लालभडक झालं की मी पुन्हा तपासलंसुद्धा नाही. घरी जाऊन खिडकीची खोली रिकामी केली, खाट टाकली. जेवताना समोर कुणीतरी असणार, भाजीला नावं ठेवणार, एवढ्यानेच मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी बाटली धुवायला घेतली, तर बुडाशी लेबलाचा तुकडा चिकटलेला. फिनेलची बाटली! फिनेलात फिनॉल असतंच, लाल रंग त्याचाच. फोनवर मी चिडले, तर अप्पा शांतपणे म्हणाले, "राखेनं घासून धुतलोय की. तपासायलाच हाय, प्यायचं थोडंच हाय?"

शेवटी मीच गावी गेले. विहिरीत लिंबाचा पाला कुजला होता, वास त्याचाच. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ बाटलीत पाणी आणलं, थेंब सोडले आणि बघत बसले. पिवळं ते पिवळंच. बापाचं पाणी चांगलं निघालं म्हणून रडणारी लेक पंचक्रोशीत मीच असेन.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. रंग आलाय का, म्हणून विचारलं. व्हय म्हटलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी गाठोडं बांधून आले असते. मी न्हाई म्हणाले.

"मग तूच ये की राहायला. पाणी चांगलं हाय."

"रविवारी येते, अप्पा."

"रविवारचं न्हाई म्हणलो मी."

फोन कुणीच ठेवला नाही.