सा ते सा, दोन गाठी

मला पेटी वाजवता येते असं मी नागपुरात का सांगितलं, ते मला अजून उलगडलेलं नाही. येत होती ती एवढीच, की मालवणच्या बाजूला आमच्या गावच्या देवळात बुवा चहाला उठले की त्यांची पेटी मी धरून ठेवायचो. दोन भजनं बोटांवर बसली होती. तिसऱ्याला हात घातला की सगळं देऊळ वळून बघायचं. सातवीत शाळा सुटली. पुढं एका ओळखीनं मी धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात कामाला लागलो. समुद्र सोडून इतक्या लांब आलो होतो की पहिले काही महिने वारा कुठल्या बाजूनं येतोय तेच कळायचं नाही.

राहायला खोली मिळाली नंदनवनात. घरमालक जातिवंत विणकर. माग त्यांनी बंद केला होता, पण मागाची लाकडी चौकटीतली फणी अजून भिंतीवर टांगलेली असायची. त्यांना सगळे काकाजी म्हणायचे, म्हणून मीही. आल्या वर्षीच मला कावीळ झाली. खोली खाली करा म्हणायच्या ऐवजी काकूंनी मला पुढच्या पडवीत आणून झोपवलं, आणि महिनाभर बिनतेलाचं जेवण वेगळं शिजवलं. तेव्हा कधीतरी काकाजींनी विचारलं, "तुले काय काय येते गा?" माझ्याजवळ सांगण्यासारखं काहीच नव्हतं. इतकं खाऊन बसलेल्या माणसानं काहीतरी तर सांगायला हवं. मी म्हणालो, "पेटी."

काकाजींच्या घरी दर गुरुवारी भजन असायचं आणि पेटी स्वतः काकाजी धरायचे. त्या दिवसापासून मी मंडळात जाणकार ठरलो. सुदैवानं कुणी वाजवायला सांगितलं नाही. काकाजी असताना कोण सांगणार?

मग काकाजींच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. आमच्याच दवाखान्यात होते, मी दोन्ही वेळा डबा पोचवायचो. पाय बराचसा आला, काठी घेऊन चालू लागले. उजवा हात तर मुळीच बिघडला नव्हता. डावा मात्र मांडीवर पिळून ठेवलेल्या पंच्यासारखा पडून असायचा. आणि पेटीला डावा हात लागतो. उजव्यानं सूर, डाव्यानं भाता.

पहिल्या गुरुवारी काकूंनी भाता मारून पाहिला. अर्ध्या भजनातच काकाजींनी बोटं उचलली.

"दम तू देऊन राहिली, अन् गाऊन मी राहिलो," ते म्हणाले. "मले पाहिजे तवा तू देत नाई. नको तवा देते."

"चाळीस वर्सं हेच चालू हाय ना वं आपलं?" काकू शेजारणीकडे वळून म्हणाल्या. सगळे हसले. काकाजी हसले नाहीत. "पेटी देऊन टाका कोनाले," म्हणाले, आणि पुढच्या गुरुवारी भजन सुरू झालं तेव्हा मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. जेवणही कमी झालं.

तेव्हा मंडळातल्या टाळकऱ्यानं बातमी आणली, की सीताबर्डीवर एका दुकानात विजेवरच्या जपानी पेट्या आल्यात. भाताच नाही. बोट ठेवलं की सूर.

"मंग कोकण्याले पाठवा," काकू म्हणाल्या. "त्याले समजते."

काकाजींनी मला जवळ बोलावलं, आपल्या पेटीवर सुताचा एक धागा धरायला लावला, खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंत, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी आणि दातांनी दोन्हीकडे गाठ मारली. विणकराची गाठ, नखाएवढीसुद्धा जागा न खाणारी. "या दोन गाठीत माया हात बसते," ते म्हणाले. "याच्यात बसन तेच आन. बाकी बटनं-गिटनं कायले पाहिजेत!"

हे मला बरं वाटलं. मापच घ्यायचं होतं, अक्कल लागणार नव्हती.

दुकानात दोन पेट्या मांडलेल्या होत्या. एक छोटी, मांडीवर मावेल अशी, सेलवर चालणारी. दुसरी मोठी, तिला टेबल लागायचं आणि भिंतीतली वीज. मी छोटीवर धागा धरला. पहिली गाठ खालच्या सा वर, तर दुसरी वरचा सा ओलांडून रे च्या दाराशी. मोठीवर धरला, तर दुसरी गाठ सा पर्यंत पोचेचना, नी च्या मध्यावरच संपली. मला वाटलं धागा आखडला. पुन्हा धरला. मग वाटलं छोटीवर ताणला गेला असेल.

"क्या नाप रहे हो भाऊ?" दुकानदार म्हणाला. "ब्लाऊज सिलवाना है क्या?"

"सा ते सा," मी म्हणालो.

"अरे, हे पियानोचं माप आहे भाऊ," मोठीवर थाप मारत तो मराठीवर आला. "आपली पेटी थोडी बारीक असते. आणि ही लहान तर लेकरांच्या बोटाची. तुमच्या धाग्याची जपानात बनतच नाही."

म्हणजे एक लहान, एक मोठी, आणि बरोबर एकही नाही. असं होऊ शकतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. माझी समजूत, की सा ते सा म्हणजे सा ते सा. जगात सगळीकडे तेवढंच.

"वाजवून तर बघा," तो म्हणाला. आता सुटका नव्हती. मी माझ्या दोन भजनांतलं एक मोठीवर धरलं. पट्ट्या जड होत्या, बोट खाली जाऊन परत यायला वेळ घेत होतं. छोटीवर बोट पडताच सूर, पण एकाला जाताना शेजारचा लागत होता. जोरात दाबा, हळू दाबा, आवाज तेवढाच. छोटीच्या कुठल्याशा बटनाला माझं कोपर लागलं आणि आतून ढोल सुरू झाला. तो कसा थांबवायचा ते मला कळेना, दुकानदार तर पोट धरून हसत होता. आधी वाटलं ढोलामुळे. मग त्यानं माझ्या डाव्या हाताकडे बोट दाखवलं. मी पेटीच्या मागं हवेत भाता मारत होतो.

काहीच न घेता घरी आलो. काकाजी काठी घेऊन दारातच उभे होते.

"काहून रिकामा आला?"

मी सगळं सांगितलं. रे च्या दारातली गाठ, नी वर संपलेली गाठ. सांगता सांगता माझं मलाच कळेना की मी कुठल्या पेटीबद्दल बोलतोय. शेवटी घाबरून तोंडातून गावचं निघालं, "माका काय कळना नाय."

"माका!" काकाजी कितीतरी दिवसांनी हसले. "आयकलं का वं? कोकण्याले माका झाला."

मग भिंतीवरच्या फणीकडे बघत बसले. म्हणाले, "बारीक फणीत जाडं सूत घातलं तं तुटते. मोठ्या फणीत घातलं तं सैल पडते. सैल कापड वापरता येते. तुटलेल्याचं काय करतं?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पन म्या पाह्यली नाई. तू पाह्यली. तू सांग."

मी त्या रात्री झोपलो नाही. मोठी आणावी तर पट्ट्या जड. छोटी आणावी तर त्यांची बोटं मागावर जाड झालेली, एका बोटाखाली दोन सूर यायचे. आणि नाही जमलं तर काकाजी कायमचे भिंतीकडे तोंड करणार, आणि ते माझ्यामुळे. त्यांचं बिनतेलाचं जेवण महिनाभर खाल्लेल्या माणसामुळे. सकाळी मी मोठी म्हणालो. म्हणजे तोंडातून तसं निघालं. छोटी म्हणायला तोंड उघडलं होतं की काय, हेही आता नक्की सांगता येणार नाही.

गुरुवारी टेबलावर मोठी पेटी, समोर खुर्चीत काकाजी, खाली सतरंजीवर सगळे. एवढ्या वरून त्यांनी कधी वाजवलं नव्हतं. आधी हळूहळू पट्ट्या चाचपल्या. वरचा सा दोनदा हुकला, तिसऱ्यांदा करंगळी पोचली. भजन सुरू झालं.

आणि दुसऱ्याच कडव्याला सगळं फिसकटलं. अर्धे लोक धृपदावर आले, अर्धे कडवंच पुन्हा म्हणायला लागले, टाळ दोघांच्या मधे. काकाजी थांबले. कुणाला काही कळेना. चूक कुणाची तेही कळेना.

"तुमी सांगतलंच नाई ना काकाजी," टाळकरी म्हणाला.

"म्या कवा तोंडानं सांगतलं होतं का गा?"

खरंच, तोंडानं कधीच नव्हतं सांगितलं. हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. धृपदावर यायच्या आधी काकाजी भात्याला एक झटका द्यायचे. सूर क्षणभर फुगायचा, आणि सगळे वळायचे. वर्षानुवर्षं वळत आले होते. त्या झटक्याला नावही नव्हतं. आणि ज्या पेटीला भाता नाही तीच मी निवडून आणली होती, जाणकार म्हणून. मला खालमानेनं पडवीत निघून जावंसं वाटलं.

काकाजी पेटीकडे वळले. एक सूर दाबला. बोट उचललं. पुन्हा दाबला, उचललं.

"हे तं कापल्यावानी बंद होते," ते म्हणाले.

आमच्या पेटीत तसं होत नसे. बोट उचललं तरी खुंटी ओढून ठेवलेला खालचा षड्ज गुणगुणत राहायचा. भजन सुरू असेपर्यंत घरात पूर्ण शांतता कधी पडायचीच नाही.

"हाना," काकाजी म्हणाले.

पुन्हा पहिल्यापासून. कडवं संपत आलं, आणि धृपदाच्या ऐन तोंडावर त्यांनी सगळी बोटं वर उचलली. एक मात्रा पेटी नाही, काही नाही. त्या खड्ड्यात सगळे एकदम उतरले. टाळसुद्धा. काकू तर हसत हसतच उतरल्या.

शेवटचं भजन झाल्यावर काकाजींनी मला खुणेनं बोलावलं. मला वाटलं, आता विचारणार, की तुला खरंच पेटी येते का. मी खरं सांगायच्या तयारीनं गेलो.

"कोकण्या," ते हळूच म्हणाले, "तू खाली बसून कायचा भाता मारून राहिला होता?"

मी डावा हात मांडीखाली घातला.

"राहू दे, मार," काकाजी म्हणाले. "माया डावा तं मारून नाई राहिला. कोनी तरी मारलाच पाह्यजे."