रिसोड ते मेडशी, घरच्या घरी

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण गेली दोन वर्षं मी ज्या शांतपणे एकेक बाभूळ उभी केली, ते पाहून कुणीही मला साधू म्हटलं असतं. बाभळी संगणकावरच्या. रिसोडात माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. पीकविमा, दाखले, परीक्षांचे अर्ज, असलं काम. दुकान बंद करून घरी आलो की लोकांना वाटतं मी गेम खेळतो. मी खेळत नाही, गेम बदलतो. दुसऱ्यानं बनवलेल्या गेममध्ये शिरायचं आणि तिथं आपल्याला हवं ते बसवायचं, याला मॉडिंग म्हणतात आणि बसवलेल्या गोष्टीला मॉड.

माझा गेम बस चालवण्याचा. मुळात त्यातलं गाव परदेशातलं होतं. रस्ते धुऊन पुसल्यासारखे, आणि प्रवासी असे गुमान रांगेत उभे की मलाच अवघडल्यासारखं व्हायचं. मी ते गाव काढलं आणि रिसोड ते मेडशी रस्ता अंथरायला घेतला. सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवर हिंडून झाडांचे, पाट्यांचे, खड्ड्यांचे फोटो काढायचो. एका पानटपरीवाल्यानं विचारलं, "रस्ता नवा होऊन राह्यला काय?" मी म्हटलं, "व्हय, माह्या घरी होऊन राह्यला." तो बिचारा बराच वेळ माझ्याकडे बघत होता. कोटवाल्या प्रवाशांना धोतर नेसवायला मला दोन आठवडे लागले, कारण माणूस चालू लागला की धोतर गुडघ्यातून आरपार जायचं. कोल्हापूरकडच्या एका अनोळखी मॉडवाल्यानं मला लाल गाडीचा हॉर्न दिला, बदल्यात मी त्याला पिवळं पडलेलं सोयाबीनचं शेत दिलं. उसाच्या मुलखातल्या माणसाला त्याचं फार अप्रूप वाटलं.

हे सगळं कशासाठी, तर बाबांसाठी. माझे वडील एसटीचे ड्रायव्हर होते. रिसोडहून मालेगाव, मेडशीवरून अकोल्याला जाणारी जलद गाडी त्यांनी वर्षानुवर्षं चालवली आणि आता घरी असतात. माझ्या या उद्योगाविषयी त्यांचं मत ठरलेलं होतं. "बसमधी बसलेला मानूस कुठीतरी पोचते तरी. तू नुसता बसूनच राह्यला." मॉड लोकांसाठी खुला करण्याआधी त्यांनी तो एकदा चालवावा आणि एवढंच म्हणावं, रस्ता बरोबर आहे. माझी सगळी धडपड त्या तीन शब्दांवर येऊन थांबली होती. ते नाही म्हणाले असते तर मी सगळं पुसून टाकलं असतं, इतका मी वेडा आहे.

शेवटी आईनंच त्यांना तयार केलं. "पाहा तं खरं, तुमचाच रस्ता हाय म्हन्ते." रविवारी सकाळी बाबा आंघोळ करून आले. घरात ते पायजम्यावर असतात, पण त्या दिवशी फुलपँट घालून, शर्टाची वरची गुंडी लावून आले. मी जुनं घेतलेलं खेळण्यातलं स्टिअरिंग टेबलाला आवळून ठेवलं होतं. बाबांनी ते हलवून पाहिलं, खुर्ची पुढं ओढली आणि दोन्ही हात ठेवले. पडद्यावर रिसोडचा स्टँड. प्रवासी चढले, दार लागलं, इंजिन सुरू झालं. मी शेजारी उभा.

गाडी हलेना.

पाच मिनिटं झाली. बाबा समोर बघत बसलेले. मी म्हटलं, "बाबा, उजव्या पायाखाली ॲक्सिलेटर हाय." ते म्हणाले, "मले माहीत हाय." आणखी पाच मिनिटं. इंजिन घरघरतंय, धोतरवाले माझ्या मेहनतीच्या धोतरात बसून आहेत आणि हा माणूस ढिम्म. मला वाटलं, मुद्दाम करताहेत. माझं डोकं फिरलं.

"नसंन चालवाची तं तसं सांगा ना! दोन वर्षं काहून माती केली मी?"

बाबांनी मान वळवली. त्यांना माझं ओरडणं खरोखरच कळलं नव्हतं.

"घंटी कुठी झाली?" ते म्हणाले.

एसटीत कंडक्टर दोरी ओढतो. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. परदेशी गेममध्ये ड्रायव्हरच तिकिटं देतो, त्यामुळे तिथं कंडक्टरच नव्हता, आणि मीही तो ठेवला नव्हता. लहानपणापासून ती टणटण ऐकत आलेलो मी. बाभळी मोजून लावल्या आणि कंडक्टर विसरलो!

"घंटीबिगर मी कवाच गाडी हालवली नाई," बाबा म्हणाले. "मांगं कोन चढून राह्यलं, कोनाचा पाय पायरीवर हाय, मले काय दिस्ते?"

आता घंटी बनवायला निदान आठवडा. मी हताश होऊन खाली बसलो. आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि तांब्या अन् चमचा घेऊन आली. प्लॅस्टिकची खुर्ची तिनं बाबांच्या खुर्चीमागं ओढली, ऐसपैस बसली आणि चमचा मारला. टण टण.

गाडी निघाली. मी तुम्हाला काय सांगू! बाबांच्या हातात ते फुटकळ स्टिअरिंग एकदम मोठं दिसायला लागलं. मी काढलेल्या खड्ड्याला ते अगदी बेतानं बगल देत होते. आईच्या अंगात तर पक्का कंडक्टर शिरला होता. टण. "थांबा, थ्या बुढ्याले उतरू द्या." टण टण. "चला." बाबा एका शब्दानं वाद न घालता ऐकत होते, आणि आमच्या घरात असं मी कधी पाहिलं नव्हतं. मला हसू आवरेना.

मालेगावच्या अलीकडे एका फाट्यावर आईनं चमचा मारला. टण.

"इथी थांबा नाई," बाबा म्हणाले.

"माह्या माह्यराचा फाटा हाय."

हे भांडण माझ्यापेक्षा जुनं. जलद गाडी त्या फाट्यावर थांबत नसे, आणि घरच्या माणसासाठी थांबवली तर बाकीच्यांना काय सांगू, म्हणून बाबांनी ती कधी थांबवली नाही. आई पुढच्या थांब्यावर उतरायची आणि मला कडेवर घेऊन उन्हातून मागं चालत यायची. हे ती दर दिवाळीला ऐकवते.

तिनं पुन्हा चमचा मारला. टण.

बाबांनी गाडी हळूहळू कडेला घेतली. माझ्या रस्त्यावर, माझ्या बाभळीखाली ती उभी राहिली. त्यांनी बटण दाबून दार उघडलं आणि मागं न बघता म्हणाले, "उतर. सावकाश उतरजो."

आई हसायला लागली. हसता हसता ती तांब्या घेऊन खुर्चीवरून उठली आणि उभीच राहिली, डोळ्यांना पदर लावून. बाबा पडद्याकडे बघत होते. मग मला म्हणाले, "इथी एक थांबा टाक रे."

रस्ता बरोबर आहे असं ते म्हणाले नाहीत. पण त्यांनी माझ्या रस्त्यावर थांबा मागितला, आणि मला इतका आनंद झाला की मी लगेच माऊस धरून थांब्याची पाटी रोवायला बसलो.

खऱ्या रस्त्यावर त्या फाट्याला जलद गाडी अजून थांबत नाही. आमची थांबते, आणि आई रोज तिथं उतरते.