पाटी लावल्यावर

"मावशी, मम्मी गेली," तिच्या मुलीचा फोन आला. टीबीनं गेली, म्हणाली. खरं काय ते मला माहीत होतं, तिला नव्हतं. "हो बेटा," एवढंच म्हटलं. महिना उलटला, माझा संताप काही उतरत नाही...

सुरतेत लिंबायतमधल्या माझ्या खोलीत आम्ही बायका साड्यांना स्टोन लावतो. नवरा गेल्यावर ती तिथे कामाला आली आणि आठवड्याभरात आम्हा सगळ्यांवर दादागिरी करू लागली. कोण जेवलं नाही, कोणाचं डोकं दुखतंय, सगळी चौकशी. एका लहान संस्थेची नर्स यायची. शुगर, बीपी बघायची, विचारून एचआयव्हीची तपासणीही करायची. कोण कशासाठी आलंय हे बाहेरून कळत नसे, म्हणून तर बायका येत. तिलाही असंच, चांगली धडधाकट असताना कळलं. नर्स गोळ्या तिथेच आणून देई. पुढे कित्येक वर्षं सगळ्यात जास्त साड्या तीच उरकायची आणि आम्हाला आळशी म्हणायची.

संस्थेचा पैसा आटला, तेव्हा अनुदान मागायला तिनंच मला भरीला घातलं. "सरकारना पैसा आपलाच शे. मांगाले कसानी लाज?"

अनुदान मिळालं, सोबत पाटी आली. दारापेक्षा रुंद, रोगाचं नाव हातभर अक्षरांत. आत लावू या, मी अनुदानाच्या खात्यातल्या साहेबांना म्हटलं. "बोर्ड तो बाहर ही लगेगा, बेन. फोटो ऊपर भेजना है." हार-पेढे झाले. दुसऱ्या दिवसापासून बायका दुसऱ्या गल्लीनं जाऊ लागल्या.

तीही. घरी गेले तर दाराशीच म्हणाली, "मन्ही पोरनं लगीन शे. आते मी तठे नही येत." गोळ्या घरी आणून देते म्हटलं, पण पाहुण्यांनी भरलेल्या एका खोलीत त्या लपवायच्या कुठे? मोठ्या दवाखान्याच्या रांगेत ओळखीचं कोणी ना कोणी भेटणारच. लगीन होऊ दे, मग पाहू, म्हणत राहिली... लग्न थाटात झालं. ती खंगत गेली.

आजार लवकर कळावा, उपचार लवकर सुरू व्हावेत, यासाठीच होतं ना ते अनुदान? मग उपचार घेणाऱ्या बाईलाच दारातून हाकलायची अक्कल कोणाची? साहेब म्हणाले, नियम आहे.

परवा मी पाटी उतरवली. अनुदान जाईल तर जावो, नर्सचं आम्ही बघू. खिडकीखाली तिची चटई अजून अंथरलेली आहे. त्या पाटीवर उद्घाटनाला आलेल्या सगळ्यांची नावं आहेत, पदांसकट. तिचं नाव मला इथेही लिहिता येत नाही, काही खुणाही बदलाव्या लागल्या. तिच्या मुलीच्या सासरी हा पेपर येतो.